गाडी ऑईल खाते

पनवेल कोळीवाडा,
५ ऑक्टोबर २०२५

सत्यवतीताई,

नमस्कार. पत्राचा वास सहन करून घ्या. भामाबाई म्हणाल्या, "बोंबलांच्या वर ठेवतंय, भिजायचा नाय," पण वासाची हमी काही त्यांनी दिली नाही. त्या रोज जासईहून मासळी घेऊन आमच्या बाजारात बसतात आणि संध्याकाळी तुमच्याच आळीत परततात, म्हणून ही वाट सुचली. फोन केला तर तुमच्याकडे तो भाऊजींसमोर स्पीकरवर असतो, आणि माझा फोन पैसे पाठवायला म्हणून सतत प्रितेशच्या हातात. जे लिहायचं आहे ते त्या दोघांच्या कानावर जायला नको.

विषय गाडीचा आहे. गणपतीच्या आधी भाऊजींनी त्यांची मोटरसायकल प्रितेशला दिली. घरातली गाडी म्हणून कुणाला दाखवलीही नाही, थेट घेतली. दसऱ्याला तिला झेंडूचा हार घातला. आता ती धूर टाकते, निळसर. सकाळी प्रितेश पळस्प्याला गोडाऊनवर निघाला की समोरच्या काकू खिडकी लावून घेतात आणि मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने खोकतात. इंजिनाखाली फरशीवर काळा डाग पडतो. मी तो घासते, तो परत पडतो.

एवढंच असतं तर मी लिहिलं नसतं. घंटागाडीसाठी सुका कचरा वेगळा करताना मला ऑईलच्या रिकाम्या बाटल्या सापडल्या. वर्तमानपत्रात गुंडाळून, पिशवीच्या अगदी तळाशी घातलेल्या. उघड्यावर टाकल्या असत्या तर मनात काही आलं नसतं. मी प्रितेशला विचारलेलं नाही. मला वाटतं तो कुणाला कळू न देता ऑईल ओततो आहे, कारण गाडी त्याच्या बहिणीच्या घरून आली आहे आणि त्याला तोंडातून शब्द काढायचा नाही.

म्हणून तुम्हालाच विचारते, रागावू नका. तिकडे होती तेव्हाही ती अशी ऑईल खात होती का? भाऊजींना काही माहीत असेल तर सांगा. बोभाटा न होता दुरुस्त करून घेऊ.

बाबा बरे आहेत. होडी विकली तेव्हापासून प्रितेशशी कामापुरतंच बोलतात, ते तुम्हाला ठाऊकच आहे. एक गोष्ट मात्र चांगली झाली. त्यांनी तंबाखू सोडली. कुणी सांगितलं नव्हतं, आपणहून सोडली.

भाऊबीजेला वाट बघतो.

मनिषा


जासई,
९ ऑक्टोबर २०२५

मनिषा,

आशीर्वाद. पत्र पोचलं, वासासकट. भामाबाईने ते ह्यांच्या समोरच माझ्या हातात ठेवलं आणि वर म्हणाली, "भावजयीचा हाय, आत जाऊन वाच." झालं. हे विचारायला लागले काय लिहिलंय. मी सांगितलं, करंजीचं प्रमाण विचारलंय. आता भाऊबीजेला करंज्या बिघडल्या तर तूच जबाबदार.

तू नवऱ्याचं नाव सरळ लिहितेस ते बरं करतेस, वाचणाऱ्याचा गोंधळ होत नाही. माझ्या पत्रात 'हे' म्हणजे हरेश, तेवढं समजून घे. हात वळत नाही.

आता गाडीचं. तुझ्या पत्रातला गोडवा मला कळला हो. "माहीत असेल तर सांगा" म्हणजे काय? माहीत असून तुमच्या गळ्यात मारली, असंच ना? ही गाडी ह्यांनी सात वर्षं वापरली. यार्डातून कंटेनर तपासून आले की आधी तिला पुसायचे आणि मग स्वतःचं तोंड धुवायचे. उंबऱ्यापाशी मोठ्या स्टँडवर सरळ उभी, वर जुनी चादर. मला ताप आला तेव्हा माझ्या अंगावर कुणी अशी चादर घातली नव्हती. धूर म्हणशील तर कधी अगरबत्तीएवढाही दिसला नाही.

मग तूच विचार कर. गाडी इकडे ऑईल खात नव्हती आणि तिकडे खाते, तर बदललं काय? चालवणारा. प्रितेश माझा भाऊ आहे, मी त्याला हाफ पँटपासून ओळखते. हातात हँडल आलं की त्याच्या अंगात येतं. तुला सांगतो पळस्पे, आणि जातो मित्रांबरोबर कर्जतला नाहीतर अलिबागला. गाडी अशी दमवली की ऑईल खाणारच. जो बाटल्या लपवतो तो आणखी काय लपवतो ते आधी बघ. आणि तुमचा गॅरेजवाला कोण आहे? गिऱ्हाईक नवखं दिसलं की ही माणसं चांगलं इंजिनसुद्धा मरायला टेकलंय म्हणून सांगतात.

एक मात्र ऐक, आणि हे मी चेष्टेत लिहीत नाही. ही गोष्ट प्रितेशच्या तोंडून ह्यांच्यापर्यंत जाऊ देऊ नको. तू लग्न होऊन पनवेलला यायच्या आधी यार्डात एका कंटेनरचं सील तुटलेलं सापडलं. पाळी ह्यांची होती. चौकशी झाली, हात दुसऱ्याचा निघाला, साहेबांनी केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. पण मधल्या दिवसांत लोक ज्या नजरेने बघत होते ती नजर हे विसरलेले नाहीत. आमच्याच नात्यातल्या एकाने तेव्हा हसत हसत विचारलं होतं, "काय गावला रे आत?" त्या घरी आम्ही आजतागायत गेलो नाही. लग्नाला नाही, मयताला नाही.

पनवेलचं घर तसं झालं तर मी बाबांना कुठे भेटू? आई गेल्यापासून भाऊबीजेला बाबा माझ्या हातचं जेवतात, एरवी कुणाकडे मागत नाहीत आणि कुणाला सांगत नाहीत. मला तो दिवस हवा आहे. गाडी गेली खड्ड्यात.

सत्यवती


पनवेल,
१५ ऑक्टोबर २०२५

ताई,

तुम्ही नको म्हणालात तेच झालं. माझ्याकडून नाही, धुराकडून. गोडाऊनच्या फाटकावर सगळ्यांसमोर वॉचमन प्रितेशला म्हणाला, "डास मारायची गाडी आणली का?" त्या संध्याकाळी तो गाडी घेऊन गॅरेजवर गेला. गॅरेजवाल्याने एअर फिल्टर काढून दाखवला, पिळला तर ऑईल गळेल इतका भिजलेला. म्हणाला, पिस्टनच्या रिंगा गेल्या, म्हणून ऑईल जळतंय, इंजिन उघडावं लागेल. वर आणखी एक सांगितलं, ते लिहायला मला जड जातंय. म्हणाला, काही लोक गाडी विकायच्या आधी आत जाड ऑईल घालतात, म्हणजे महिना-दोन महिने धूर दिसत नाही. घेणारा फसतो.

प्रितेश घरी आला तो चपला न काढता फोन लावतच. मी हात धरला, त्याने झटकला. पुढचं तुम्ही तिकडून ऐकलंच असेल. "दाजी, घरच्या माणसाला तरी सोडायचं होतं" हे वाक्य त्याने बोलायला नको होतं. तो फोन ठेवून बसला तेव्हा बाबा दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं. मग बाहेर जाऊन गाडीजवळ बसून राहिले.

बाटल्यांचं मी त्याच रात्री विचारलं. म्हटलं, तू इतके दिवस ऑईल ओतत होतास आणि मला बोलला नाहीस. तो माझ्याकडे बघतच राहिला. "मी? मी झाकणसुद्धा उघडलेलं नाही." शपथ घेतली. ताई, माझा विश्वास बसला नाही. तुमचं पत्र डोक्यात होतं. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या खिशात पेट्रोलच्या पावत्या शोधल्या, गोडाऊनमधल्या हृतिकच्या बायकोला आडून आडून विचारलं की दोघं बरोबर निघतात ना. निघतात. तो कुठेही जात नाही. नवऱ्याचे खिसे तपासताना मला माझीच लाज वाटली, पण तपासले.

मग बाटल्या कोण टाकतं? काल कचऱ्यात आणखी एक होती. तशीच, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. ह्या घरात आम्ही तिघंच आहोत. म्हणजे प्रितेश खोटं बोलतोय. आणि तो जर त्याच्या दाजींसाठी खोटं बोलत होता, तर आता भांडण झाल्यावरही का बोलेल?

म्हणून सरळ विचारते, जाड ऑईल भाऊजींनी घातलं होतं का? हो म्हणालात तरी मी ते इथेच पुरीन. प्रितेश म्हणतोय, दिवाळी झाली की इंजिन उघडतो, आणि रिंगा खरंच गेलेल्या निघाल्या तर गाडी जासईला नेऊन तुमच्या दारात उभी करतो.

मनिषा


जासई,
१८ ऑक्टोबर २०२५

मनिषा,

नाही. नाही आणि नाही. माझ्या नवऱ्याने जाड ऑईल घातलं नाही, पातळ घातलं नाही, आणि घातलं असतं तर सांगून घातलं असतं. पुन्हा असं विचारू नको.

त्या फोनचं ह्यांच्या मनाला लागलंय, परवापासून हे घरात जेवत नाहीत. यार्डाच्या कँटीनमध्ये खाऊन येतात, आले की ताटावर बसायच्या आधीच म्हणतात पोट भरलंय. माझ्याशी बोलतात ते दूधवाला आला, नळ आला एवढंच. काल एकच वाक्य बोलले, "पनवेलच्या दारात मी पाय ठेवनार नाय. तुला जायचा त जा."

मी एकटी येऊन काय करू? प्रितेशला ओवाळू आणि त्याच हाताने घरी येऊन ह्यांना वाढू? भाऊबीजेला मी येत नाही. करंज्या भामाबाईबरोबर पाठवते. बाबांना सांग, सत्यवतीला ताप आहे. त्यांना खोटं सांगितलेलं लगेच कळतं, तरी सांग.

तुझ्या घरात बाटल्या कोण टाकतं ते तुझं तू बघ. मला आता ह्यातलं काहीही ऐकायचं नाही.

सत्यवती


पनवेल,
२६ ऑक्टोबर २०२५

ताई,

ऐकायचं नाही म्हणालात, तरी हे पत्र शेवटपर्यंत वाचा. वाचून झाल्यावर हवं तर चुलीत घाला.

भाऊबीज कशी झाली ते आधी सांगते. पाट मांडला होता. तुम्हाला ताप आहे असं मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "बरा." मग उठून बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसले आणि दुपार टळेपर्यंत उठले नाहीत. रस्त्यावर रिक्षा वळली की मान उचलायचे. करंज्या भामाबाईंनी आणून दिल्या, त्या त्यांनी डब्यातच ठेवायला लावल्या. प्रितेशने टीव्ही लावला आणि आवाज वाढवला. त्यालाही लागलं होतं, फक्त कबूल करायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर उठले, पाणी यायच्या आधी. दार नुसतं लोटलेलं होतं. बाहेर बाबा गाडीपाशी उकिडवे बसलेले, हातात ऑईलची बाटली, शेजारी वर्तमानपत्राचा कागद. इंजिनातली ऑईल बघायची काडी काढली, धोतराच्या सोग्याला पुसली, परत घातली, काढली, उजेडाकडे धरून बघितली. मग बाटली उलटी केली. देवाला तेल घालावं तसं, एक थेंब बाहेर जाऊ न देता.

मी म्हटलं, "बाबा, काय करताय?"

ते दचकले नाहीत. "काय नाय. हिला पाजतंय."

"रोज?"

"रोज सकाली. होडीच्या मशीनला पन रोज पाजायचो. काडी कोरडी दिसली का घालायचा, मंगच बंदर सोडायचा. खाडीच्या मधी मशीन बंद परला त कोन येनार हाय?"

"मग कुणाला सांगितलं का नाहीत?"

त्यांनी आधी घराच्या दाराकडे बघितलं, प्रितेश उठला का म्हणून. मग हळू आवाजात बोलले. ताई, मी त्यांचेच शब्द लिहिते. "कोनाला सांगू? जावयानं थकलेला मशीन दिलाय, ता मना पयल्याच दिवशी कलला. काडी कोरडी व्हती. प्रितेशला कलला असता त त्यानं तोंड सोडला असता. मंग पोरीनं माह्यारी यायचा कसा? म्हनून गपचूप पाजत व्हतो. तरी बोंब झालीच. हरेश वाईट नाय सूनबाय. कायतरी अडचन असंल त्याची."

तंबाखू त्यांनी का सोडली ते मला तेव्हा कळलं. तिचे पैसे ऑईलला जात होते.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. गाडी लहान स्टँडवर होती, एका अंगाला कललेली. प्रितेश तिला नेहमी तशीच टाकतो, मोठ्या स्टँडवर चढवायचा आळस. बाबा आत गेल्यावर माझ्या मनात पाल चुकचुकली. मी दोन्ही हातांनी ओढून गाडी मोठ्या स्टँडवर चढवली, थोडा वेळ थांबले आणि काडी काढली. ताई, काडी वरपर्यंत भिजलेली. खूण केव्हाच बुडालेली. मग फोनवर शोधून बघितलं. गाडी कललेली असली की आतलं ऑईल दुसऱ्या बाजूला जातं आणि काडी कोरडी दिसते. बघताना गाडी सरळच हवी. आणि गरजेपेक्षा जास्त ऑईल भरलं की ते वरच्या नळीतून एअर फिल्टरमध्ये चढतं, जळतं आणि निळा धूर येतो. होडीचं मशीन बंदरात सरळच बसलेलं असतं, बाबांना कलतं मशीन ठाऊकच नाही.

म्हणजे गाडी ऑईल खात नव्हती. बाबा तिला चारत होते. पहिल्या दिवशी ती धड होती, भाऊजींनी धडच दिली होती. तुमचं माहेर टिकावं म्हणून बाबांनी जे केलं, त्यानेच हे सगळं झालं. हे लिहिताना मला रडू येतंय आणि थोडं हसूही येतंय, तुम्ही समजून घ्याल.

त्या दिवसापासून मी बाटली लपवून ठेवली आहे आणि बाबांना सांगितलं आहे की आता मी बघते. त्यांना ते आवडलेलं नाही. प्रितेशला मी काही बोललेले नाही. सांगितलं तर भाऊजी निर्दोष ठरतात, पण प्रितेश बाबांवर खेकसणार. होडीच्या वेळी म्हणाला होता तसंच म्हणेल, "तुम्हाला काही कळत नाही, तुम्ही गप्प बसा." ते वाक्य बाबा दुसऱ्यांदा सोसतील असं मला वाटत नाही. आणि नाही सांगितलं तर तो इंजिन उघडणार. काय करू ते तुम्ही सांगा.

मनिषा


जासई,
२९ ऑक्टोबर २०२५

मनिषा,

तुझं पत्र मी मोरीत बसून वाचलं, नळ सोडून, म्हणजे रडलेलं ऐकू जाऊ नये.

रात्रीची भांडी झाल्यावर ह्यांना सगळं सांगितलं. पत्रच वाचून दाखवलं, बाबांच्या बोलण्यासकट. मला वाटलं उसळतील. म्हणतील, आता प्रितेशला घाल समोर. त्यांनी पत्र माझ्या हातातून घेतलं आणि बाबांचं बोलणं पुन्हा वाचलं. मग विचारलं (बाबांना हे आबा म्हणतात), "आबांना म्हाईत हाय का, धूर त्यांच्यामुलं येतो?" मी म्हटलं, नाही. "आनि मी थकलेला मशीन दिला, असाच त्यांना वाटते?" मी म्हटलं, हो.

"आयतवारी जाऊन येतो," म्हणाले. एकटे. मला नेणार नाहीत.

मनिषा, मला भीती वाटते. त्यांना जाऊ नका म्हणायचं तोंड मला राहिलेलं नाही. ज्याच्यावर खोटा आळ आला तो माणूस आपली बाजू मांडायला निघाला, त्याला बायकोने कुठल्या हक्काने अडवायचं? पण चारचौघांत त्यांनी सांगितलं की हे म्हाताऱ्याने केलं, तर बाबांचं काय होईल? त्यांच्याकडे होडी होती, ती गेली. मशीनमधलं कळतं एवढंच उरलं होतं. नवरा खरा ठरावा आणि बाप खाली बघू नये, दोन्ही मला हवं आहे, आणि दोन्ही एकदम कसं होईल ते कळत नाही.

रविवारी तू घरातच थांब. काही झालं तर बाबांचा हात धर.

सत्यवती


पनवेल,
३ नोव्हेंबर २०२५

ताई,

भाऊजी घरी आल्यावर तुम्हाला काय बोलले ते मला माहीत नाही. मी जे बघितलं ते लिहिते.

दहाच्या सुमारास आले. दारातच थांबले. प्रितेश उठला नाही. बाबा कोपऱ्यात खुर्चीवर. मी पाणी दिलं. भाऊजींनी तांब्या खाली ठेवला आणि प्रितेशला म्हणाले, "तुझा बरोबर व्हता. रिंगा गेल्या व्हत्या. मी बोलायला पायजे व्हता, नाय बोललो. चावी दे, आज दुरुस्त करून आनतो."

मी दाराची चौकट धरून उभी होते. ताई, जिभेवर आलं होतं. एक वाक्य बोलले असते तर सगळं उलटलं असतं. भाऊजींनी माझ्याकडे बघितलं, फक्त एकदा, आणि मी गप्प बसले.

ते गाडी घेऊन गेले. दुपारी परत आणली तेव्हा धूर नव्हता. जास्तीचं ऑईल काढून, फिल्टर साफ करून आणली असणार, बाकी काही करायचं नव्हतंच. प्रितेशने एक चक्कर मारली आणि खूश झाला. बसला तो पायावर पाय टाकून. "जाऊ दे दाजी, कबूल केलंत ना, संपलं. पुढच्या वेळी फक्त सांगत जा." असं म्हणाला. भाऊजी म्हणाले, "हो." मला माझ्या नवऱ्याचा इतका राग कधी आला नव्हता.

मग बाबा उठले आणि भाऊजींना हाताने खूण करून मागच्या पडवीत घेऊन गेले. मी स्वयंपाकघरात होते, खिडकी उघडी होती. बाबा म्हणाले, "जावय, मना पयल्या दिसापासून ठाव व्हता. मी कोनाला बोललो नाय. मानसाच्या हातून व्हते. मी मनात काय ठेवला नाय, तुमी पन ठेवू नका. पोरीला घेऊन येत जा."

मग भाऊजींचा आवाज आला. "चुकला माझा आबा," म्हणाले. वाकून पाया पडले.

नंतर दोघं गाडीपाशी आले. भाऊजींनी ती मोठ्या स्टँडवर चढवली आणि मला, प्रितेशला ऐकू येईल असं बोलले, "आबा, हिची देखभाल आता तुमच्यावर. ह्या पोराला मशीनमधला काय कलत नाय. पन आता मशीन ताजा हाय, रोज पाजायचा नाय. म्हयन्यातून एकदा, अशी सरल उभी करायची आनि बघायचा. काडीवरच्या खुनंपर्यंत ऑईल दिसला का घालायचा नाय." बाबांनी काडी हातात घेतली, पुसली, बघितली आणि मान डोलावली. मग प्रितेशकडे वळून म्हणाले, "आडवी टाकायची नाय गाडी, सांगतंय." होडी विकल्यानंतर त्यांनी त्याला दटावल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं. प्रितेश "बरं" म्हणाला. खरंच बरं म्हणाला.

प्रितेशला खरं सांगायचं का, ते तुम्ही ठरवा. तो आज गोडाऊनमध्ये सगळ्यांना सांगणार आहे की दाजींनी शेवटी मान्य केलं. मला ते ऐकवणार नाही.

तुम्ही या. उशिरा का होईना, पाट परत मांडते.

मनिषा


जासई,
६ नोव्हेंबर २०२५

मनिषा,

प्रितेशला सांगू नको. बाबा आहेत तोवर नाही. मी ह्यांना विचारलं, गावभर तुमचं नाव खराब होईल त्याचं काय? म्हणाले, "व्हऊ दे. आबांनी मना माफ केलाय. किती दिस ह्या म्हाताऱ्यानं माझा वझा उचलला, ता प्रितेशला कलला तरी समजनार नाय."

येत्या रविवारी आम्ही दोघं येतो. करंज्या ताज्या करते.

आता तुला एक सांगायचं आहे, ते मी तुझ्यापासून लपवलं होतं. तुझं जाड ऑईलचं पत्र आलं त्या संध्याकाळी हे यार्डात होते. मी त्यांची हत्यारांची पेटी उघडली आणि सगळे डबे बाहेर काढून बघितले, जाड कुठलं आणि पातळ कुठलं ते कळत नव्हतं तरी बघितले. काही सापडलं नाही. सगळं होतं तसं परत ठेवलं, आणि मग तुला तीन वेळा 'नाही' लिहिलं.

परवा रात्री हे घरी जेवायला बसले. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा. मला वाटलं आता सगळं मिटलं, तर आपणही मन मोकळं करावं. मी वाढता वाढता म्हटलं, माझ्याकडून एक चूक झाली, मी तुमची पेटी उघडली होती. त्यांनी घास खाली ठेवला नाही. म्हणाले, "ठाव हाय. डबे उलटे लागले व्हते."

मी विचारलं, मग बोलला का नाहीत?

"प्रितेशच्या फोनानं मी जेवन सोडला नव्हता," म्हणाले, आणि भात मागितला.

मी वाढला. त्यांनी सगळा खाल्ला. बाबांची माफी त्यांनी वाकून घेतली, माझी अजून घेतलेली नाही, आणि मी मागत राहणार आहे.

सत्यवती